सालईवरचे बारा घाव

खानदेशात मी दोनदा गेलो. पहिल्यांदा डिंकाचे नमुने आणायला आणि दुसऱ्यांदा केलेलं कबूल करायला. मधली दीड वर्षं मी रत्नागिरीत माझ्या घरी होतो, कॉलेजात शिकवत होतो, आणि कुणी "कसा झाला खानदेशचा प्रवास?" असं विचारलं की तिथल्या उन्हाचं आणि शेवभाजीचं वर्णन करून मोकळा होत होतो. त्या वर्णनात खोटं काही नव्हतं. फक्त त्यात सालईचं झाड नसायचं. ते आज लिहितो आहे.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि चाळिशीला टेकलो तरी माझी पीएच.डी. पुरी होत नव्हती. विषय माझ्या आवडीचा होता: बुरशीचे रोग आणि किडे यांच्यापासून झाडं स्वतःला कशी वाचवतात. वर्गात मी हे रंगवून सांगायचो. झाडाला जखम झाली की ती आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती भिंत उभी करतं. त्या भागात कडू, तुरट, विषारी द्रव्यं साठवतं, म्हणजे बुरशीला पुढे सरकता येत नाही. काही झाडं तर जखमेवर राळ सोडतात. राळेतला उडणारा वास किड्यांना पळवतो, चिकटपणा त्यांना जागीच अडकवतो, आणि वास उडून गेल्यावर जे उरतं ते सुकून जखमेवर झाकण होऊन बसतं. अशा राळेसाठी मला सालईची झाडं हवी होती. ती कोकणात नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याला आहेत.

जळगाव

मे महिन्यात जळगावला जाऊ नका असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी गेलो, कारण सुट्टी तेव्हाच होती. जळगावात माझा जुना वर्गमित्र वसंत राहत होता. त्याने स्टेशनवरच माझ्या डोक्याला ओला पंचा बांधला. आमच्याकडे ऊन घाम काढतं. इथे घाम दिसतच नाही, येतो तसा वाळून जातो, आणि माणूस आपण सुकतो आहोत हे न कळता सुकत जातो.

रात्री वसंतच्या बायकोने शेवभाजी वाढली. लालभडक तर्रीत शेव पडलेली. भात खाणारा मी माणूस, पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी. वहिनींनी दह्याची वाटी पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी वसंत मला त्याच्या सासऱ्यांच्या केळीच्या बागेत घेऊन गेला. मी हौसेने पान कापायला गेलो आणि चीक माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला. आधी पाण्यासारखा होता, संध्याकाळी तांबूस, दुसऱ्या दिवशी काळपट. सासरे हसून म्हणाले, "आता हा सदरा केळीचा झाला. धुऊन उपयोग नाही." मी त्यांना तिथेच शिकवायला लागलो, की हा चीकसुद्धा केळीची संरक्षणाची तजवीज आहे, त्यातली तुरट द्रव्यं हवा लागली की काळी पडतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उभा जन्म केळीत गेलेला माणूस तो. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटलं नाही.

पायथ्याचं गाव

जळगावहून चोपडा आणि तिथून पुढे धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या बाजूला. शेवटची एस.टी. डांबर संपतं तिथे सोडते. गावाचं नाव मी लिहीत नाही. माझ्यामुळे त्या गावाला एकदा त्रास झाला आहे, तेवढा पुरे.

वनरक्षकांनी माझी सोय भिला नानांकडे केली होती. नाना साठीच्या पुढचे, काटक, फार न बोलणारे. पावसाळ्यात थोडी ज्वारी-उडीद, आणि दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत जंगलातला डिंक. डिंक काढायला परवानगी लागते. दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला वनरक्षक गावात येऊन परवानगी मिळालेल्यांची नावं वाचून दाखवतात. नानांचं नाव त्या यादीत त्यांच्या तरुणपणापासून होतं.

त्यांच्या पत्नीला सगळे सोनी अक्का म्हणत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "जेवा, सर. भात नही शे आम्हनाकडे." घरात धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेला होता, आणि अंधार पडला तशी अक्कांनी निखाऱ्यावर सालईचा खडा टाकला. लिंबासारखा, थोडा देवळासारखा वास घरभर पसरला आणि डास गेले. झाडाने स्वतःसाठी केलेली तजवीज त्या दोघांनी कधीचीच आपल्या घरात आणली होती. मी हे वहीत टिपून घेतलं.

सकाळी नाना मला सालईच्या टेकाडावर घेऊन गेले. मे महिन्यात सालईवर एक पान नसतं. राखाडी-हिरवट बुंधे, कागदासारखी सुटणारी साल, आणि उन्हात नुसत्या फांद्या. नानांच्या वाट्याला वीस-बावीस झाडं होती. त्यांची पद्धत मी तोंडात बोट घालून पाहिली. एका वाकड्या पात्याने ते सालीचा हातभर पट्टा इतका पातळ काढत, की खाली हिरवट कातडी ओली दिसे, पण लाकूड उघडं पडत नसे. थोड्या वेळात तिथे मोत्यासारखे थेंब जमत.

"वरली वरली साल काढानी," नाना म्हणाले. "लाकूडले धक्का लागना की झाड गयं."

"का पण?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. त्यांना माहीत आहे का, ते मला बघायचं होतं.

"मंग त्याले बंद करता येत नही. पाणी आत जास. बुरशी येस. मंग किडा येस." त्यांनी थेंबाकडे बोट केलं. "हाई त्यानं रगत शे. फुकट नही येस."

पुस्तकात हेच चार पानांत लिहिलेलं होतं. पान नसलेलं झाड उन्हाळ्यात साठवणीवर जगतं. राळ करायला तीच साठवण खर्च होते. फार खर्च झाला की भिंती बांधायला काही उरत नाही.

टेकाडाच्या टोकाला एक सालई होती, दोघांच्या कवेत न मावणारी. तिच्यावर एकही ताजा पट्टा नव्हता. मी विचारलं तर नाना म्हणाले, "ते थकेल शे. मागला साल त्याले किडा लागेल व्हता. आते दोन वरीस त्याले हात लावना नही."

मला नेमकं तसंच झाड हवं होतं. जुनं, मोठं, आणि वर्षभर न छेडलेलं. बाकी झाडांच्या राळेशी तुलना करायला दुसरं काही चालणार नव्हतं. मी नानांना म्हटलं, "एवढेसे नमुने घेतो. चार थेंब." त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि खाली उतरायला लागले.

माझ्याकडे वनखात्याचं पत्र होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की डिंक काढणारा दाखवेल त्याच झाडांचे नमुने घ्यावेत.

बाजाराचा दिवस

तिसऱ्या दिवशी बाजार होता. नाना आणि अक्का सकाळीच गेले. माझी परतीची बस दुसऱ्या दिवशी होती. मी टेकाडावर गेलो तेव्हा मनाशी म्हणत होतो की नुसतं बघून यायचं. पण पिशवीत छिन्नी होती, हातोडी होती, आणि काचेच्या बाटल्या होत्या. नुसतं बघायला जाणारा माणूस हे घेऊन जात नाही.

पहिला घाव मी जपून घातला. थेंब आले, पण सावकाश. मला दुपारपर्यंत बाटल्या भरायच्या होत्या. दुसरा थोडा खोल घातला. मग मला वाटलं, लाकडाचाही तुकडा मिळाला तर भिंतीची द्रव्यं तपासता येतील. तिसऱ्यापासून मी लाकडापर्यंत गेलो. बुंध्याभोवती फिरत फिरत मी एकूण बारा घाव घातले. वेगवेगळ्या उंचीवर आणि बाजूंना राळ किती येते ते मोजायचं होतं, म्हणून बारा. पावसाला पंधरा-वीस दिवस उरले होते. उघडं लाकूड पावसात भिजणार आणि बुरशीला दार मिळणार, हे मला त्या गावातल्या कुणाहीपेक्षा अधिक तपशिलात सांगता आलं असतं. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होतो.

संध्याकाळी मी नानांबरोबर जेवलो. अक्कांनी बाजारातून माझ्यासाठी मुद्दाम तांदूळ आणले होते. भात थोडा करपला होता म्हणून त्या ओशाळल्या. मी दोनदा मागून घेतला.

सकाळी वनरक्षक आले. फिरतीवर असताना त्यांनी ते झाड पाहिलं होतं. चार-सहा गावकरी गोळा झाले. वनरक्षक चिडलेले होते, पण आवाज चढवून बोलले नाहीत.

"भिला नाना, विसाव्याच्या झाडाला घाव? तेही लाकडापर्यंत? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मी नही करं," नाना म्हणाले.

"मग झाड तुमच्या वाट्याचं. दुसरं कोण करणार?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. वनरक्षक माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही नमुने कुठले घेतलेत?"

मी पिशवीतून पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "मी नानांनी दाखवलेल्या झाडांचे नमुने घेतले आहेत."

वाक्य खोटं नव्हतं. त्या झाडांचेही घेतले होते. आणि नानांनी मला ते मोठं झाडही दाखवलंच होतं की. एवढा विचार त्या एका क्षणात माझ्या डोक्यात होऊन गेला, याचीच मला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. वनरक्षकांनी पत्र वाचून आदराने परत दिलं. शहरातून आलेला प्राध्यापक, त्यावर शंका घेणं त्यांच्या मनात आलं नाही. नाना खाली बघत होते. अक्का दारात उभ्या होत्या आणि त्या मात्र माझ्या पिशवीकडे बघत होत्या.

बस आली. मी चढलो.

मधली दीड वर्षं

माझे निष्कर्ष चांगले आले. न छेडलेल्या जुन्या झाडाची राळ बाकीच्यांहून दाट निघाली, आणि उडणारी द्रव्यं तिच्यात जास्त होती. एका चर्चासत्रात मी तक्ता दाखवला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. मीही मान डोलावत बसलो.

मग एकदा वर्गात मी बारा घावांचा तोच तक्ता फळ्यावर काढून हेच शिकवत होतो. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, बारा घाव घातल्यावर त्या झाडाचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "ते आपल्या अभ्यासाचा भाग नव्हता."

ती खाली बसली. माझा तास अजून अर्धा उरला होता. मी खडू ठेवला आणि तब्येत बरी नसल्याचं सांगून बाहेर पडलो. घरी येऊन बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "तुम्ही भात मागून घेतलात?"

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी मी निघालो.

पुन्हा तेच गाव

या खेपेला हवा सुंदर होती. कापूस फुटलेला, सकाळी अंगावर शाल घ्यावी अशी थंडी. जळगावात वसंतने राहायचा आग्रह केला. मी थांबलो नाही.

गावात उतरल्यावर आधी टेकाडावर गेलो. नानांच्या घरी जायचं धैर्य होत नव्हतं म्हणून. बाकीच्या सालईंवर पावसाळ्यातली पानं अजून थोडी होती. टोकाच्या सालईवर एकही नव्हतं. बुंध्याची साल मोठ्या मोठ्या तुकड्यांत सुटली होती. आत पाहिलं तर काळसर बुरशीचे पंखे पसरलेले, आणि लाकडात करंगळी जाईल अशी भोकं. बुंध्याशी भुशाचा ढीग. भुंगेरे आले होते.

मी घाव एकेक करून पाहिले. पहिल्या दोन घावांवर राळेचं जाड झाकण होतं, घट्ट, काचेसारखं. झाडाने तिथे आपलं काम केलं होतं. तिसऱ्या-चौथ्यावर पातळ थर. पुढे पुढे नुसते ओघळ. शेवटच्या घावांवर काहीच नव्हतं. उघडं लाकूड, काळं पडलेलं. साठवण कुठे संपली ते बोट ठेवून दाखवता येत होतं. मी त्या झाडाखाली किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक.

घरी अक्का एकट्याच होत्या. मी आणलेली खोक्यातली मिठाई त्यांच्या पुढे ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"नाना कुठे आहेत?"

"केळीना बागमा. घड वाही ऱ्हायनात." त्या वयात नाना चोपड्याच्या बाजूला केळीचे घड वाहायला जात होते. यादीतून त्यांचं नाव गेलं होतं.

"अक्का, ते घाव मी घातले होते."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "तुम्हले बी माहीत व्हतं. मंग त्या दिनले कसाले नही बोलनात?"

भीती म्हणावी तर कसली? नोकरी जाणार नव्हती. फार तर दोन चांगले शब्द कमी झाले असते.

नाना संध्याकाळी आले. खांद्यावरच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. मी उठून उभा राहिलो आणि त्यांना सगळं सांगितलं. पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले.

"छिन्नीना घाव मी वळखस," ते म्हणाले. "माले सांगीसन काय करता? माले ते माहीतच शे. बठ्ठासले सांगा. मन्हं नाव बठ्ठासना समोर गयं."

नवा हंगाम सुरू होत होता. दोन दिवसांनी सगळ्या गावासमोर यादी वाचायची होती. रात्री अक्कांनी भाकरी वाढली. शेजारी बसून आग्रह मात्र केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला वनखात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुनं प्रकरण आहे, सर. आता कशाला स्वतःला अडकवून घेता?" मी म्हटलं, मला लिहूनच द्यायचं आहे. त्यांनी कोरा कागद दिला. पहिल्यांदा मी लिहिलं, 'माझ्याकडून अनवधानाने'. तो शब्द खोडला. दुसरा कागद मागून घेतला आणि लिहिलं, की मनाई केलेली असताना, डिंक काढणाऱ्याच्या पाठीमागे, पत्रातली अट ठाऊक असूनही मी हे केलं आणि विचारल्यावर लपवलं. अधिकाऱ्यांनी ते वाचलं. मग त्यांचा माझ्याशी बोलायचा सूर बदलला. तुम्हाला या जंगलात पुन्हा नमुने घेता येणार नाहीत आणि तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल, असं ते म्हणाले. नानांच्या नावासाठी त्यांनी वनरक्षकांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

यादी

गावच्या शाळेपुढे माणसं बसली होती. तीस-पस्तीस असतील. वनरक्षक तेच होते. मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे न बघता खिशात ठेवली.

मी म्हटलं, "मला आधी बोलायचं आहे."

मी वीस वर्षं वर्गात बोलत आलो आहे. त्या दिवशी कसंबसं सांगितलं. टेकाडावरच्या मोठ्या सालईला घाव मी घातले. नानांनी मला नको म्हटलं होतं. ते बाजाराला गेलेले बघून मी गेलो. साहेबांनी विचारलं तेव्हा मी पत्र दाखवून गप्प बसलो. नाना चोर नाहीत. चोरी माझी आहे.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मागे एक माणूस हसला, बाजूच्याला म्हणाला, "देखा, मी सांगतच व्हतू." म्हणजे गावाला तेव्हाच कळलं होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगायला मला दीड वर्ष लागलं होतं. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "ते झाड आते जितं व्हई का?" मी नाही म्हटलं. तिने तोंड फिरवलं.

वनरक्षकांनी यादी वाचली. एकेक नाव, आणि ज्याचं त्याने हात वर करायचा. संपल्यावर ते वही मिटायला लागले तेव्हा नाना उभे राहिले.

"साहेब, मन्हं?"

"तुमचं लिहिलंय, नाना. खाली शाईने चढवलंय. या हंगामापासून तुम्ही आहात."

"वाचा," नाना म्हणाले.

वनरक्षकांनी वही पुन्हा उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नानांचं नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

"शे," नाना म्हणाले, आणि हात वर केला. बाकीच्यांनी लगेच खाली घेतले होते. नानांनी तो बराच वेळ वर ठेवला.

माणसं उठली. कोण कुठल्या झाडापासून सुरुवात करणार, पाती कुणाकडून धार लावून घ्यायची, अशी बोलणी सुरू झाली. मी भिंतीला टेकून उभा होतो. अक्का माझ्या बाजूने न बघता निघून गेल्या. नाना दोघांशी बोलत बोलत माझ्यापर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"चार वाजानी बस शे," ते म्हणाले. "निंघा आते."

आणि ते टेकाडाच्या वाटेला लागले.